स्तनाचा कर्करोग : शस्त्रक्रियेपूर्वी करावयाचा विचार

स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे निदान झाले की, घरातील मंडळींच्या मुखातून पहिला प्रश्न निघतो तो शस्त्रक्रिया केव्हा करावयाची, हा. कोणती शस्त्रक्रिया करावयाची, असे सहसा कोणी विचारीत नाही. कर्करोगाची गाठ म्हटली म्हणजे स्तन काढावाच लागणार, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतही रूढ आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. रोग प्रारंभिक अवस्थेत असेल तर बहुसंख्य स्त्रियांसमोर एकाहून अधिक मार्ग खुले असतात, आणि जीविताच्या दृष्टीने हे मार्ग तुल्यबळ असल्याचे दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांनी सिद्ध झाले आहे. अशा वेळी निवड कशाच्या आधारे करावी आणि ती कोणी करावी, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

भारतातील स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची भर पडली. मुंबईत कर्करोग रुग्णांच्या नोंदणीचे काम १९६३ मध्ये सुरू झाले, तर देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. शहरातील नोकरदार स्त्री आणि खेड्यातील शेतकरी स्त्री या दोघींनाही या रोगाची झळ पोहोचते, हे अशा नोंदणीवरून दिसून आले आहे.

निदानाच्या कागदांत काय असते

गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची असून काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोहोचला नसेल, तर ती सर्वसाधारणपणे पहिली अवस्था मानली जाते. गाठ दोन ते पाच सेंटिमीटर असल्यास, अथवा काखेतील मोजक्या ग्रंथींत रोगाचा शिरकाव झाला असल्यास, ती बहुधा दुसऱ्या अवस्थेत मोडते. या दोन अवस्थांना मिळून ढोबळमानाने प्रारंभिक कर्करोग असे म्हणतात.

निर्णयाला उपयोगी पडणारी माहिती तीन प्रकारच्या तपासण्यांतून मिळते. पहिली म्हणजे दोन्ही स्तनांचे क्ष-किरण छायाचित्र, म्हणजेच मॅमोग्राफी, आणि जोडीला सोनोग्राफी. गाठ एकच आहे की स्तनाच्या निरनिराळ्या भागांत अनेक गाठी आहेत, हे त्यावरून कळते. दुसरी म्हणजे जाड सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढून केलेली तपासणी, म्हणजे बायोप्सी. तिसरी म्हणजे त्याच तुकड्यावर केलेल्या ईआर, पीआर आणि हर-टू या चाचण्या. कर्करोगाच्या पेशी स्त्री-संप्रेरकांच्या आधाराने वाढतात किंवा कसे, आणि त्यांना विशिष्ट औषधे लागू पडतील किंवा कसे, हे या चाचण्यांवरून ठरते.

गाठीला सुई लावली की रोग भडकतो, असा एक गैरसमज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. त्यापायी अनेक स्त्रिया तपासणीस नकार देतात. हा समज निराधार आहे. उलट, बायोप्सीचा अहवाल हाती नसताना शस्त्रक्रियेला सामोरे जाणे म्हणजे पुढील सर्व निवडी आधीच गमावून बसणे होय.

शंभर वर्षांत पालटलेला विचार

स्तन काढलाच पाहिजे, हा समज निर्माण होण्यास इतिहास कारणीभूत आहे. अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या पद्धतीत संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकसंध काढण्यात येत. कर्करोग एका केंद्रापासून चहूकडे क्रमाक्रमाने पसरत जातो, म्हणून जेवढे अधिक काढावे तेवढी सुरक्षितता अधिक, अशी त्यामागची विचारसरणी होती. सुमारे पाऊण शतक जगभर हीच पद्धत प्रमाण मानली गेली. छाती खपाटीला जाणे, हात सुजणे आणि खांद्याची हालचाल मंदावणे हे भोग असंख्य स्त्रियांच्या वाट्याला आले.

या विचारसरणीस दोन शास्त्रज्ञांनी प्रयोगाने आव्हान दिले. इटलीतील मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. या सर्वांच्या गाठी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या. निम्म्या स्त्रियांवर हॉलस्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. उरलेल्यांच्या स्तनाचा केवळ बाधित चतुर्थांश काढून पुढे किरणोपचार देण्यात आले. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या १,८५१ स्त्रियांचे निष्कर्ष तपासले गेले. दोन्ही अभ्यासांचे वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन पूर्ण काढलेल्या आणि स्तन राखलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात कोणताही लक्षणीय फरक आढळला नाही.

ज्या कर्करोगाने मृत्यू ओढवतो तो बहुधा शस्त्रक्रियेपूर्वीच रक्तावाटे सूक्ष्म रूपाने शरीरात अन्यत्र गेलेला असतो. त्यावर उपाय औषधांचा. छातीवरील अधिक मोठ्या छेदाने तो आटोक्यात येत नाही. फिशर यांच्या या मांडणीला वरील निष्कर्षांनी पुष्टी मिळाली.

याच सुमारास आणखी एक प्रथा मागे पडली. त्या काळी स्त्रीला भूल देऊन गाठ काढीत, तिची तत्काळ तपासणी करीत, आणि कर्करोग आढळल्यास त्याच भुलेत स्तन काढून टाकीत. शुद्धीवर येईपर्यंत आपला स्तन राहिला की गेला, हे तिला ठाऊक नसे. अमेरिकेतील पत्रकार रोझ कुश्नर यांनी १९७४ मध्ये स्वतःच्या आजारपणात या प्रथेला नकार दिला आणि पुढे तिच्याविरुद्ध लेखणी चालविली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ मंडळाने निदान आणि शस्त्रक्रिया हे दोन स्वतंत्र टप्पे असावेत, अशी शिफारस केली. आज स्त्रीला विचारासाठी मिळणारा अवधी त्या बदलाचे फलित आहे.

स्तन राखणे की काढणे

स्तन राखणाऱ्या शस्त्रक्रियेत गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढण्यात येतो. काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कडेला कर्करोगाच्या पेशी आढळल्यास पुन्हा एक लहान शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतर किरणोपचार, ज्याला बोलीभाषेत ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, ते सर्वसाधारणपणे अत्यावश्यक ठरतात. फिशर यांच्या अभ्यासात किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांना वीस वर्षांत त्याच स्तनात पुन्हा रोग झाला. किरणोपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आजच्या औषधांमुळे हे प्रमाण पूर्वीपेक्षा घटले आहे. तथापि गाठ काढली, आता शेक कशाला, असे म्हणून मधेच उपचार सोडणे किती धोक्याचे आहे, ते या आकड्यांवरून ध्यानात येईल. पूर्वी हे उपचार पाच आठवडे चालत. आता बहुतेक ठिकाणी आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होतात. काही निवडक रुग्णांना एका आठवड्याची योजनाही लागू पडते.

स्तन काढण्याच्या आजच्या शस्त्रक्रियेत छातीचे स्नायू राखले जातात. लहान गाठ असून काखेत रोग नसेल तर पुढे किरणोपचारांची आवश्यकता बहुधा पडत नाही. काखेतील ग्रंथी बाधित असल्यास मात्र स्तन काढल्यानंतरही ते घ्यावे लागू शकतात. स्तन काढला म्हणजे शेक आणि केमोथेरपी दोन्ही टळतील, हा हिशेब म्हणूनच चुकतो. केमोथेरपी द्यावयाची की नाही, हे रोगाच्या स्वभावावरून ठरते. शस्त्रक्रियेच्या प्रकारावरून ठरत नाही.

स्तन काढल्यानंतरही छातीच्या त्वचेत अथवा व्रणाजवळ रोग पुन्हा उद्भवण्याची अल्प शक्यता राहतेच. मिलान येथील अभ्यासात स्तन राखलेल्या गटात वीस वर्षांत सुमारे ९ टक्के आणि स्तन काढलेल्या गटात सुमारे २ टक्के स्त्रियांना स्थानिक पुनरुद्भव झाला. हा फरक खरा आहे आणि तो स्त्रीला सांगितला गेला पाहिजे. दोन्ही गटांतील आयुर्मान सारखेच राहिले, हेही त्याच वेळी सांगितले गेले पाहिजे.

काही परिस्थितींत स्तन काढणेच इष्ट ठरते. स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेल्या अनेक गाठी असणे, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असणे, पुन्हा शस्त्रक्रिया करूनही कडा रोगमुक्त न होणे, पूर्वी छातीवर किरणोपचार झालेले असणे, अथवा काही कारणाने किरणोपचार घेणे शक्य नसणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. गर्भारपणात किरणोपचार देता येत नसल्याने तेथेही स्वतंत्र विचार करावा लागतो. गाठ मोठी असली तरी आधी औषधोपचार देऊन ती लहान करणे व नंतर स्तन राखणे पुष्कळदा साध्य होते. यासंबंधी डॉक्टरांस अवश्य विचारावे.

भीतीपोटी दुसरा निरोगी स्तनही काढून टाकण्याची इच्छा काही स्त्रिया व्यक्त करतात. बीआरसीए या जनुकांत आनुवंशिक दोष असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत त्याला शास्त्रीय आधार आहे. आई, बहीण, मावशी अशा निकटच्या नात्यांत स्तनाचा अथवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असल्यास, किंवा रोग तरुण वयात झाला असल्यास, ही जनुकीय तपासणी उपयुक्त ठरते. असा दोष नसलेल्या स्त्रीचे आयुर्मान मात्र निरोगी स्तन काढल्याने वाढत नाही.

काखेतील शस्त्रक्रियेचाही येथेच विचार करावा. पूर्वी काखेतील सर्व ग्रंथी सरसकट काढीत. आता रंगद्रव्य किंवा किरणोत्सर्गी द्रव्याच्या साह्याने, रोग पसरल्यास तो प्रथम जेथे पोहोचेल अशा मोजक्या ग्रंथी शोधून तपासल्या जातात. त्या निरोगी निघाल्यास बाकीच्या राखता येतात. हातावर सूज येण्याचा धोका त्यामुळे पुष्कळ कमी होतो. ज्या स्त्रीचा संसार हाताच्या बळावर चालतो तिच्या दृष्टीने हा प्रश्न स्तनाइतकाच महत्त्वाचा आहे.

पुनर्रचनेचे पर्याय

शरीराचा गमावलेला अवयव शरीराच्याच त्वचेतून घडविण्याच्या विद्येशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. कावसजी नावाच्या एका गाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या सैनिकांनी कापले होते. पुण्यातील एका देशी कारागिराने कपाळावरील त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. त्याचा सचित्र वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला आणि युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष या पद्धतीने वेधून घेतले. त्वचेचा रक्तपुरवठा कायम राखून ती दुसऱ्या जागी बसवावयाची, हेच तत्त्व आज स्तनाच्या पुनर्रचनेतही वापरले जाते.

पुनर्रचना दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात सिलिकॉनचे कृत्रिम रोपण छातीत बसवितात. १९६२ मध्ये अमेरिकेत सिलिकॉन-जेलचे रोपण प्रथम वापरले गेले. ही शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते आणि शरीरावर दुसरीकडे व्रण राहत नाही. परंतु रोपण आयुष्यभर टिकेल याची शाश्वती नसते. पुढे ते बदलावे किंवा काढावे लागू शकते. किरणोपचार झाल्यास रोपणाभोवतीचे वेष्टन आवळून स्तन कठीण होण्याचा संभव वाढतो. खडबडीत पृष्ठभागाच्या रोपणांशी निगडित असा एक अतिशय विरळ कर्करोगही आढळून आला आहे. यास्तव रोपण कोणत्या प्रकारचे आहे हे विचारून त्याचे कार्ड जपून ठेवावे.

दुसऱ्या प्रकारात स्वतःच्या शरीरातील ऊती वापरतात. पाठीवरील त्वचा व स्नायू पुढे वळवून छातीवर आणण्याची पद्धत इटलीतील इजिनिओ तानसिनी यांनी १९०६ मध्ये वर्णिली होती. पोटावरील त्वचा, चरबी व स्नायू वापरण्याची पद्धत १९८२ मध्ये अमेरिकेतील कार्ल हार्ट्रॅम्फ यांनी प्रसिद्ध केली. पुढे पोटाचा स्नायू न काढता केवळ त्वचा व चरबी घेऊन त्यांच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतील वाहिन्यांना जोडण्याचे तंत्र विकसित झाले. अशा रीतीने घडविलेला स्तन मऊ असतो, शरीराच्या वजनाबरोबर कमीअधिक होतो आणि किरणोपचार रोपणापेक्षा अधिक सोसतो. मात्र शस्त्रक्रिया कित्येक तास चालते, दोन ठिकाणी जखमा होतात आणि पूर्ववत होण्यास अधिक काळ लागतो. पोटाचा स्नायू घेतला असेल तर पोटाची भिंत दुबळी होऊन अंतर्गळ होण्याचा धोका असतो.

पुनर्रचना त्याच भुलेत करता येते किंवा सर्व उपचार आटोपल्यावर काही महिन्यांनी, वर्षांनीही करता येते. लगेच केल्यास स्तनाची मूळ त्वचा वापरता येते आणि सपाट छाती पाहण्याचा प्रसंग टळतो. नंतर केल्यास कर्करोगाचे उपचार निर्वेधपणे पार पडतात आणि विचारास सवड मिळते. आज नको म्हटले तर ही संधी कायमची गेली, असे समजण्याचे कारण नाही.

पुनर्रचनेने काय साधत नाही, हेही स्पष्टपणे माहीत असावे. घडविलेल्या स्तनाला पूर्वीसारखी संवेदना पूर्णपणे परत येत नाही. त्यातून बाळाला दूध पाजता येत नाही. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून बहुधा एकाहून अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागतात. पुनर्रचनेमुळे कर्करोग उलटण्याची शक्यता वाढत नाही, त्याचप्रमाणे ती कमीही होत नाही. मधुमेह आटोक्यात नसल्यास, आणि तंबाखूचे व्यसन असल्यास, जखम भरून येण्यास अडथळा येतो. आपल्या ग्रामीण भागातील अनेक स्त्रिया मिश्री लावतात. तीही तंबाखूच होय. त्यांतील निकोटिनाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि बसविलेली त्वचा काळी पडून निकामी होऊ शकते. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून मिश्री पूर्णतः बंद करणे अगत्याचे आहे, आणि तिची सवय डॉक्टरांपासून लपवू नये.

पुनर्रचना मुळीच न करण्याचा निर्णयही तितकाच योग्य असू शकतो. बाहेरून वापरावयाचा सिलिकॉनचा किंवा कापडी स्तन अंतर्वस्त्रात बसविता येतो. सिलिकॉनच्या अशा स्तनाला जवळपास नैसर्गिक वजन असल्याने चोळी किंवा ब्लाऊज नीट बसतो आणि शरीराचा तोल राखला जातो. काही स्त्रिया तेही वापरीत नाहीत. रोगातून बरे होणे आणि स्तन असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ज्यांच्या मनाने स्वीकारले त्यांना पुनर्रचनेचा आग्रह करणे अनुचित होय.

दोन स्त्रिया, दोन निर्णय

रोग सारखा असूनही निर्णय वेगळे कसे होऊ शकतात, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन स्त्रियांना दोन सेंटिमीटरची एकेक गाठ आहे आणि दोघींच्याही काखेत रोग नाही, असे समजू या. पहिली चाळिशीतील शिक्षिका आहे. ती किरणोपचाराची सोय असलेल्या शहरात राहते. स्तन राखला जावा असे तिला मनापासून वाटते, आणि तीन आठवडे रोज रुग्णालयात जाणे तिला शक्य आहे. तिने स्तन राखणारी शस्त्रक्रिया निवडली तर ती निवड शास्त्राला धरून आहे.

दुसरी साठीकडे झुकलेली शेतकरी स्त्री आहे. किरणोपचाराचे केंद्र तिच्या गावापासून बसने पाच तासांवर आहे. घरी अंथरुणास खिळलेला पती आहे आणि पेरणी तोंडावर आली आहे. तीन आठवडे बाहेरगावी राहणे तिला परवडणारे नाही. तिने स्तन काढण्याची निवड केली तर तीही तितकीच शास्त्राला धरून आहे. डोक्यावर भारा, कमरेवर घागर अशी तिची दिनचर्या असल्याने, पोटाचा किंवा पाठीचा स्नायू वापरणारी पुनर्रचना तिच्या कामाला बाधक ठरेल का, याचा तिने आधी विचार करावा.

परंतु अंतर आणि खर्च हीच अडचण असेल, आणि मनातून स्तन राखण्याची इच्छा असेल, तर मदतीचे मार्ग आधी चाचपून पाहावेत. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे. त्याखेरीज आज पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, बार्शी अशा ठिकाणीही कर्करोगावरील उपचार उपलब्ध आहेत. मुंबईस येणाऱ्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा मिळतो. रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर रेल्वे आणि एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. २०१२ मध्ये जीवनदायी या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेखाली, तिच्याशी संलग्न रुग्णालयांत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा लाभ मिळतो. पुनर्रचनेचा कोणता भाग योजनेत समाविष्ट आहे आणि कोणता खर्च स्वतः करावा लागेल, हे शस्त्रक्रियेचा दिवस ठरण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे.

संमती कोणाची

रुग्णालयात पुष्कळदा असे दृश्य दिसते की, डॉक्टर पतीशी अथवा मुलाशी बोलत असतात आणि जिच्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची ती बाहेरच्या बाकावर बसून असते. तिला धक्का बसू नये, ही त्यामागची भावना आपुलकीची असते. परिणाम मात्र असा होतो की, तिच्या देहाविषयीचा निर्णय तिच्यावाचून घेतला जातो. आयुष्याची उरलेली वर्षे त्या देहासह तिलाच काढावयाची असतात. निर्णय आपला नव्हता, ही खंत व्रण भरून आल्यावरही राहते.

कायद्याची भूमिका या बाबतीत निःसंदिग्ध आहे. एका प्रौढ महिला रुग्णाने केवळ तपासणीला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निर्णय देताना, सज्ञान व सक्षम रुग्णाच्या वतीने नातलगाने दिलेली अशी संमती ग्राह्य नाही, असे स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप, त्याला असलेले पर्याय आणि त्यातील मोठे धोके रुग्णास समजावून सांगितल्यावर दिलेली संमतीच खरी संमती होय, असेही न्यायालयाने म्हटले. जिवावर बेतलेला तातडीचा प्रसंग याला अपवाद आहे. प्रारंभिक स्तनकर्करोगात तशी तातडी नसते. निदानानंतर तपासण्या आणि विचार यांसाठी दोन-तीन आठवडे लागल्याने अपाय होत नाही. महिनोन्‌महिने टाळाटाळ करणे मात्र घातक ठरते.

कुटुंबाचे स्थान यामुळे गौण ठरत नाही. सासूने घरची जबाबदारी उचलणे, पतीने डॉक्टरांच्या भेटीस सोबत जाऊन सांगितलेले लिहून घेणे, बहिणीने मोकळेपणी बोलू देणे, ही मदत औषधाइतकीच मोलाची आहे. तुला काय वाटते, असे तिला एकदा शांतपणे विचारणे ही त्या मदतीची सुरुवात होय.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

भेटीस जाण्यापूर्वी पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. रोगाची अवस्था कोणती? ईआर, पीआर व हर-टू चाचण्यांचे निष्कर्ष काय आहेत?

२. स्तन राखणे शक्य आहे काय? नसल्यास त्याचे नेमके कारण कोणते? आधी औषधे देऊन ते शक्य होईल काय?

३. स्तन काढल्यावरही किरणोपचार लागण्याची शक्यता किती?

४. काखेतील मोजक्याच ग्रंथी तपासण्याची सोय या रुग्णालयात आहे काय?

५. पुनर्रचना कोणती, केव्हा आणि किती टप्प्यांत? शल्यविशारदांनी केलेल्या अशा शस्त्रक्रियांची छायाचित्रे पाहावयास मिळतील काय?

६. नेहमीचे काम, शेतीतील असो वा कार्यालयातील, किती दिवसांनी करता येईल? हाताचे व्यायाम कोणते?

७. एकूण खर्च किती आणि योजनेतून किती?

उत्तरे समाधानकारक न वाटल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान नाही. बायोप्सीचा अहवाल आणि काचपट्ट्या मागून घेण्याचा रुग्णास अधिकार आहे.

लवकर निदान, अधिक पर्याय

येथवर वर्णिलेले पर्याय ज्या स्त्रीचा रोग वेळेत सापडला तिच्यापुढेच मोकळेपणाने उभे राहतात. टाटा स्मारक केंद्राने मुंबईतील वस्त्यांत १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक कालांतराने केवळ हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे रोग अधिक प्रारंभिक अवस्थेत सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसून आले. या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही.

स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ लागणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, त्वचेवर खळी पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास लाजेपोटी किंवा घरकामाच्या धबडग्यात ते अंगावर काढू नये. नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात त्याच आठवड्यात दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. आणि असलीच तर वेळेवर आलेल्या स्त्रीला उपचारांबरोबर निवडीची संधीही मिळते. ती निवड पूर्ण माहितीनिशी करता यावी, यासाठी डॉक्टर, कुटुंबीय आणि आरोग्य यंत्रणा या सर्वांनीच तिला आवश्यक ती माहिती आणि अवधी मिळवून दिला पाहिजे.